खालच्या जागेचा वापर

एल्फेज व्हेरे वारले त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी, त्यांच्या नव्या घराची उंची समुद्रसपाटीपासून चौदा फूट होती. ही नोंद अधिकृत आहे. ती त्यांच्या मुलीने, ओडीलने, स्वतः तपासली होती. परगण्याच्या पूरनियंत्रण कचेरीत एकोणीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या बाईने तपासलेल्या उंचीवर शंका घ्यायची पॉइंट लूत्र गावात कोणाची छाती नव्हती.

जुनं घर चार वर्षांपूर्वीच्या वादळात खाडीत गेलं होतं. नवं घर खांबांवर उभं राहिलं. नियमाने अकरा फूट पुरले असते, पण ओडीलने चौदा धरले. एल्फेज एकोणऐंशी वर्षांचे होते. साठ वर्षं कोळंबीच्या बोटीवर काढलेल्या माणसाला पाण्याची उंची मुलीकडून शिकायची हौस नव्हती, पण मुलगी कचेरीत होती आणि तिचा आवाज कचेरीचा होता. वरच्या तीन फुटांना कचेरीच्या भाषेत ‘वाढीव सुरक्षा’ म्हणतात. जिन्याच्या भाषेत त्या सहा पायऱ्या होतात. एकूण पायऱ्या चोवीस.

ओडील दर रविवारी भेटायला येई. येण्याआधी पेट्रोलपंपावरून फोन करी. “पापा, तासाभरात पोचते.” फोन दुसऱ्याच घंटीला उचलला जाई. पंपापासून घर दहा मिनिटांवर होतं. उरलेली पन्नास मिनिटं ती पुलाखाली गाडी लावून पुस्तक वाची. तिचं वाचन दांडगं होतं, आणि गेल्या अकरा महिन्यांतलं बरंचसं या पुलाखाली झालं होतं. असं का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि स्वतःला विचारायची तिच्याकडे प्रथा नव्हती.

त्या रविवारी ती वर पोचली तेव्हा पापा खिडकीशी बसले होते. कपाळ पुसलेलं होतं, पण श्वास अजून जिन्यातच होता. तिने कॉफी ठेवली. ओव्हनच्या पोटात कंपनीची माहितीपुस्तिका प्लास्टिकसकट तशीच होती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर अजून मागच्या वर्षीचा एप्रिल चालू होता.

“घर कसं वाटतंय, पोरी?” पापांनी विचारलं. हे ते दर रविवारी विचारत.

“चौदा फूट आहे, पापा. गावात सगळ्यात उंच.”

“ते झालं. पण वाटतं कसं?”

“जिन्यात ती बादली का उपडी घातलीय?”

“खेकड्यांची आहे.”

“अठराव्या पायरीवर खेकडे येतात?”

“दमले की बसतात बिचारे.”

“जिन्यात अडथळा चालत नाही. जाताना खाली ठेवते.”

“तुझा नियम आहे म्हणजे बरोबरच असणार,” पापा म्हणाले आणि त्यांनी कॉफी फुंकली.

जाताना तिने बादली खाली नेऊन ठेवली. पापा वर कठड्याशी उभे राहून हात हलवत होते. गाडी वळेपर्यंत हलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नॅनन क्लेलीला ते सापडले. नॅनन म्हणजे धर्माची आई. ओडीलच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून क्लेली उभी राहिली होती आणि तेव्हापासून तिने ओडीलला बोलायचा हक्क सोडला नव्हता. पापा खालच्या खोलीत खुर्चीत बसलेले होते. हातात वर्तमानपत्र, पायात मोजे, बाजूला अर्धा कप कॉफी. डॉक्टर म्हणाले, हृदय. कधी, तर पहाटे केव्हातरी.

इथे खालच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण अधिकृतरीत्या ती नव्हती.

पॉइंट लूत्रमध्ये सगळी घरं खांबांवर आहेत. खांबांमधली जागा तीनच कामांना वापरता येते: गाडी उभी करणं, सामान साठवणं आणि ये-जा करणं. तिथे कोणी राहू लागलं की तीच जमीन घराचा ‘सर्वांत खालचा मजला’ ठरते आणि चौदा फुटांचं घर कागदावर दोन फुटांवर येऊन बसतं. म्हणून प्रत्येक घरमालकाने खाली कोणी राहत नाही असं शपथपत्र कचेरीत दिलेलं आहे. आणि प्रत्येक घरमालक खाली राहतो. टीव्ही खाली, आरामखुर्ची खाली, खेकडे उकडायचं पातेलं खाली, भांडण खाली, माहेरवाशीण खाली. वर असतात सोफ्यावरचं प्लास्टिक आणि येशूची तसबीर.

दर वर्षी कचेरीची तपासणी होते. तपासणीआधी कचेरी फोन करते. “गुरुवारी येतोय हं.” बुधवारी संध्याकाळी गावभर ताडपत्र्या पसरतात, टीव्हीवर जाळी पडतात, पलंगावर नांगर चढतात. गुरुवारी ओडील वही घेऊन फिरे आणि ‘मासेमारीचं सामान’ असं लिहीत जाई. एका घरात ताडपत्रीखालची सासूबाई, वय वर्षं एक्क्याण्णव, तिने याच सदरात नोंदवली होती. सासूबाईंनी अजिबात न हलता सहकार्य केलं. ओडीलने वहीत शेरा मारला: ‘सामान सुस्थितीत.’ कचेरीतल्या वार्षिक जेवणात हा किस्सा ती स्वतःच सांगे आणि लोक पोट धरधरून हसत.

एल्फेजनी खालची खोली राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात बांधली. मोडीत काढलेल्या बोटीच्या फळ्या, वर पत्रा. विचारलं तर म्हणाले, खेकडे उकडायला. पूर आला तर पाण्याला आत-बाहेर करायला भिंतींना दोन झडपा हव्यात असा नियम आहे. त्या त्यांनी नीट मापात कापल्या होत्या. पाण्याच्या ये-जेची सोय नियमात फार बारकाईने केलेली आहे.

अंत्यविधीनंतर ओडीलने वर तीस खुर्च्या मांडल्या, चादरी झटकल्या, आणि लोक सांत्वनाला येतील म्हणून दारात उभी राहिली. लोक आले. गम्बोची, म्हणजे भेंडी घातलेल्या दाट रश्श्याची, सात पातेली आली. ती सगळी खालच्या खोलीत गेली. चाळीस माणसं खाली दाटीवाटीने बसली, एल्फेजच्या गोष्टी सांगू लागली, रडली, आणि मग एल्फेजच्याच एका गोष्टीवर इतकी हसली की वरच्या फरशीला हादरा बसला. ओडील तीस रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून ऐकत होती. लोकांना जिना जमत नसेल, असं तिने स्वतःशी नमूद केलं.

पंधरा दिवसांनी विमा कंपनीचं पत्र आलं. ‘नव्या घराबद्दल हार्दिक अभिनंदन!’ अशी त्याची सुरुवात होती. घराचा मालक बदलला होता. मालक कोणत्या मार्गाने बदलला याच्याशी कंपनीला कर्तव्य नव्हतं. एक जूनपासून वादळांचा मोसम लागतो. त्याआधी नव्या मालकाने घराच्या उंचीचा ताजा दाखला द्यावा, अन्यथा पुराचा विमा संपुष्टात येईल. आणि विमा नसलेलं घर इथे कोणी ठेवू शकत नाही. पुढच्या वादळात ते गेलं की गेलंच. ओडीलला ते घर ठेवायचं होतं. एल्फेजनी हातोडा धरून उभं केलेलं ते शेवटचं घर होतं.

मोजणीदार रेमी फाल्गू आला. चर्चच्या पायरीत बसवलेल्या पितळी खुणेपासून सगळ्या गावाची उंची मोजतात. रेमीने दुर्बीण लावली, पट्टी लावली, मान हलवली.

“तेरा फूट चार इंच.”

“चौदा आहे रेमी. मी स्वतः तपासलंय.”

“होतं, मिस ओडील. मंगळवारी परिपत्रक आलं. पितळी खूण आठ इंच खचलीय म्हणे. म्हणजे तिच्यापासून मोजलेलं सगळंच आठ इंच खाली.”

“घर खाली गेलं?”

“घर जागच्या जागी आहे. आपण सगळेच खाली चाललोय. आत्तापर्यंत कोणी मोजलं नव्हतं एवढंच.” त्याने कागदावर तेरा फूट चार इंच लिहिले. “तुम्ही ते तीन फूट जास्तीचे घातलेत म्हणून वाचलात. बाकी निम्मं गाव अकराच्या खाली गेलं मंगळवारी. दुपारी जेवत होते बिचारे, कळलंसुद्धा नाही.”

ओडीलला क्षणभर बरं वाटलं. मग तिने जिन्याकडे पाहिलं आणि बरं वाटणं थांबवलं. त्या तीन फुटांनी नियम सांभाळला होता. बाकी काही सांभाळणं त्यांच्या कक्षेत येत नव्हतं.

दाखल्याला फोटो जोडावे लागतात, चारी बाजूंचे आणि खालच्या जागेचा. रेमीने इमानाने काढले. स्वतःच्या घराचा दाखला ओडीलला तपासता येत नव्हता, म्हणून तो तिच्या हाताखालच्या लेस्टर आर्सनोकडे गेला. लेस्टरला ओडीलनेच तयार केलं होतं. तिने लिहिलेली सेहेचाळीस पानांची मार्गदर्शिका त्याला पाठ होती, आणि त्याहून वाईट म्हणजे पटलीही होती.

“मिस ओडील, खालच्या जागेच्या फोटोत खाट दिसतेय,” लेस्टर म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

“दिसू दे.”

“पान एकतीस. ‘खाट, उशी अथवा औषधे आढळल्यास वास्तव्य गृहीत धरावे.’ उशी आहे. औषधं सात बाटल्या. आणि खिडकीत तुमचा शाळेतला फोटो आहे, दोन वेण्यांचा.”

“फोटोबद्दल पान एकतीस काय म्हणतं?”

“काही म्हणत नाही. तुमच्या ध्यानात आलं नसेल.” लेस्टरने आवाज खाली आणला. “त्यात एवढं काय, शपथपत्र द्या ना. सगळेच देतात. वापर: साठवण. फक्त मालाचं वर्णन लागेल. खाट एक, खुर्ची एक, टीव्ही एक.”

“आणि माणूस?”

“माणूस आता नाहीये ना, मिस ओडील,” लेस्टर हळुवारपणे म्हणाला. “नियमाच्या दृष्टीने तो मुद्दा निकालात निघालाय.”

ओडीलने कोरा अर्ज पिशवीत घातला. अर्ज तिनेच बेतला होता. खोटं बोलणाऱ्यांना जरा लाज वाटावी म्हणून ‘अर्जदाराने कचेरीत सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे’ ही अट तिने सहा वर्षांपूर्वी घातली होती. लोक तेव्हापासून मोठ्याने वाचत होते. कुणाला लाज वाटल्याची नोंद नव्हती.

मालाचं वर्णन लिहायला ती शनिवारी खालच्या खोलीत गेली. आत नॅनन क्लेली बसली होती, पापांच्या खुर्चीत नाही, खाटेच्या कडेवर. भेंडी चिरत होती.

“ये शेर,” नॅनन म्हणाली. शेर म्हणजे लाडके; इथे मायेने आणि रागाने असं दोन्ही वेळा तसं म्हणतात. “वहीबिही आणलीस वाटतं? मी पडून राहू का ताडपत्रीखाली?”

“नॅनन, पापा इथे किती दिवस राहत होते?”

“तू विचारतेस?”

“अर्जात लिहायचंय.”

“पहिल्या महिन्यात दोनदा चढले-उतरले. मग म्हणाले, क्लेली, हे घर फार छान आहे, पण ते माझ्या छातीवर बांधलंय.” तिने एक भेंडी बाजूला टाकली. “मी म्हटलं, मग सांगा पोरीला. म्हणाले, नको. तिने तीन फूट जास्तीचे मायेने घातलेत, आता परत कसे करू?”

ओडील खाटेवरचं पांघरूण सारखं करू लागली.

“तुझा फोन आला की निघायचे,” नॅनन म्हणाली. “फोन इथेच, खुर्चीशी. स्वच्छ सदरा घालायचे. बाराव्या पायरीवर कठड्याला टेकायचे, अठराव्या पायरीवर बादलीवर बसायचे. वर पोचले की मला खिडकीतून खूण करायचे, पोचलो म्हणून. अर्धा तास लागायचा. शेवटी शेवटी पाऊण.”

“मी तासाभराने यायचे.”

“हो. पुलाखाली गाडीत बसून. अगं, पुलावरून सगळं गाव जातं. आम्ही म्हणायचो, पोरगी हुशार आहे, तपासणीआधी वेळ देते.” सुरी थांबली. “ती बादली कुठे गेली ते मात्र मला कळलं नाही. सोमवारी खालीच दिसली.”

ओडीलने खुर्चीकडे पाहिलं. फोन खुर्चीपासून हातभर अंतरावर होता. दुसऱ्या घंटीला उचलता येईल इतकाच. हे मोजायला दुर्बीण लागली नाही.

सोमवारी ती कचेरीत आली आणि पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिली. मंगळवारच्या परिपत्रकाने बुडालेले पंधरा-वीस जण रांगेत होते, प्रत्येकाच्या हातात तोच अर्ज. लेस्टरने शिक्का पुढे ओढला. तो मदत करायला उतावीळ झाला होता.

“वाचा मिस ओडील. नुसतं पुटपुटलात तरी चालेल.”

ती पुटपुटली नाही. “खालच्या जागेचा वापर,” तिने वाचलं. “माझे वडील एल्फेज व्हेरे तिथे राहत होते. दहा महिने. हे मला माहीत होतं.”

रांगेत कोणीतरी खोकलं. लेस्टरने अर्ज उलटा करून पाहिला.

“असा रकाना नाहीये.”

“नाहीये. मी ठेवला नव्हता.”

“घर एक फूट चार इंचांवर जाईल हो! विमा मिळणार नाही. पुढच्या महिन्यात वादळं.”

“तिथेच आहे ते. लिही.”

लेस्टरने लिहिलं. आकडे सुवाच्य होते. पुढचं सगळं रीतसर झालं. निवासी जागा पूररेषेखाली आढळल्याने मालकाला नोटीस काढणं भाग होतं. नोटिशीवर सही मात्र तपासनीसाचीच लागते, म्हणून ओडीलने ओडीलला नोटीस बजावली आणि पोच दिली. तीस दिवसांत खालच्या रहिवाशाला हलवावे, असं नोटिशीत होतं. ‘रहिवासी आधीच गेले आहेत’ असं तिने उत्तर दिलं. उत्तर समाधानकारक ठरवून तिने फाइल बंद केली. विमा कंपनीने मात्र खेद व्यक्त केला आणि पुढच्या नव्या घरासाठी आगाऊ शुभेच्छा दिल्या.

गावात नाराजी पसरली. मिस ओडीलने वाईट पायंडा पाडला, असं बहुमत होतं. उद्या प्रत्येक जण खरं बोलू लागला तर सगळं गावच पाण्याखाली जायचं. त्या आठवड्यात बऱ्याच घरांत नव्या ताडपत्र्या आल्या.

तुम्हीआम्ही सुदैवाने असल्या गावात राहत नाही. आपली घरं जमिनीवर आहेत, आपल्याला असला अर्ज भरावा लागत नाही. आपण फक्त निघण्याआधी आई-वडिलांना फोन करतो, तासाभरात पोचतो म्हणून. म्हाताऱ्या माणसांना एकदम जाऊन दचकवू नये. पोचतो तेव्हा त्यांनी सदरा बदललेला असतो, चादर ओढलेली असते, आणि सगळं सुस्थितीत दिसतं.

जूनच्या पहिल्या रविवारी ओडील पेट्रोलपंपावर थांबली आणि सवयीने तिने नंबर लावला. फोन अजून चालू होता. तो बंद करायचा तर ज्याच्या नावावर आहे त्याची समक्ष सही लागते, असं फोनवाल्यांचं म्हणणं होतं, आणि एक नियम म्हणून तिला ते मान्य होतं. घंटी वाजू लागली. एक. दोन. दुसरी घंटी संपली, तिसरी झाली, सातवी झाली. खालच्या खोलीत, खुर्चीपासून हातभर अंतरावर, ती वाजत राहिली. ओडीलने फोन कानाला घट्ट धरला. शेजारी टाकी भरत उभ्या असलेल्या माणसाने वळून पाहिलं इतक्या मोठ्याने ती म्हणाली, “पापा, वर चढू नका. खालीच बसा. मी दहा मिनिटांत येतेय.”